बिनओरखड्याचा पाळणा

पाळण्यावर एकही ओरखडा नव्हता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण जुन्या वस्तूंच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही, स्वतःचंसुद्धा नाही.

मी माधवी. कर्जतला भिसेगावात राहते. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे अर्धं गाव मला बाई म्हणतं आणि उरलेलं अर्धं, माझी पाठ वळली की, भंगारवाली बाई. म्हणोत बापडे. याच लोकांच्या घरी लग्न, मुंज, साठी असली की मला आवर्जून आमंत्रण येतं, कारण माझ्या पिशवीतून काय निघणार याची उत्सुकता त्यांना पंगतीपेक्षा जास्त असते. मी पाकीट देत नाही. काचेच्या सहा ग्लासांचा सेट तर मेले तरी देणार नाही. समोरच्या भांडकुदळ जोडप्याला लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी मी पितळी तराजू दिला होता. दोघं आठवडाभर एकमेकांशी जपून बोलत होती. दातांच्या डॉक्टरांना घोड्याच्या तोंडाचा अडकित्ता दिला. त्यांनी तो टेबलावर मांडलाय आणि तो बघून पेशंट मुकाट्यानं तोंड उघडतात.

हे सगळं मिळतं कळंबच्या रस्त्यावर, हरेशच्या गोडाऊनमध्ये. आमच्या तालुक्यात कौलारू घरं पाडून स्लॅब टाकायचं खूळ आलंय. घर पाडलं की माळ्यावरचं सगळं खाली येतं आणि हरेशच्या टेंपोत चढतं. रिसॉर्टवाले त्याचे मोठे गिऱ्हाईक. त्यांना दाराशी मांडायला नांगर आणि बैलगाडीची चाकं लागतात. मला तो पसारा नको असतो. मला कोपरा लागतो. गोणपाट उचलावं, धूळ उडावी, दोन शिंका याव्यात आणि खाली एखादी झाकणासकट शाबूत राहिलेली चिनीमातीची बरणी निघावी. त्या वेळी जो आनंद होतो तो मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी नवरा हयात असताना त्याला सांगितलंही होतं.

माझी एक पद्धत आहे. प्रत्येक भेटीला दोऱ्यानं एक पुठ्ठ्याचं कार्ड बांधायचं आणि त्यावर त्या वस्तूची गोष्ट लिहायची. ही गोष्ट मी मनानं रचत नाही. वस्तू ज्या घरातून आली तिथे जाते, ओटीवर बसते, चहा घेते आणि विचारते. हर्षला, माझी मुलगी, लहान असताना वही घेऊन माझ्याबरोबर यायची. लोक सांगायचे, मी ऐकायचे आणि ती वेड्यावाकड्या अक्षरांत टिपून घ्यायची. गोष्ट मिळाली नाही तर ती वस्तू मी कुणाला देत नाही. हा माझा नियम, आणि तो मी आयुष्यात एकदाच मोडला.

हर्षलाला आठ वर्षांनी दिवस राहिले. त्या आठ वर्षांत काय काय झालं ते मी इथे सांगत बसत नाही. पनवेलच्या दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मी किती शब्दकोडी सोडवली तेवढं विचारा. म्हणून सातव्या महिन्यात तिचं सासर ओटभरणीला जमलं तेव्हाच मी ठरवून टाकलं की या बाळाला पाळणा माझ्याकडून, आणि तो असा की खालापूरपासून कर्जतपर्यंत कुणी पाहिला नसेल.

त्याच दिवशी तिच्या सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "विहीणबाई, पाळण्याचं काय इकत-बिकत बघू नका. आमच्याकडचा हाय. अकरा लेकरं वाढली त्यात, तुमचा जावई नीलेश बी त्यातलाच. आता चुलतभावाच्या सुनेकडं हाय, तिचं पोर रांगाया लागलं की मागून घेते."

इंदूबाई खालापूरजवळच्या एका गावात राहतात, भातशेती करतात आणि बोलतात ते मोजकं. तो पाळणा मी पाहिलेला होता. गजांवर दातांच्या खुणा, कडांवर काजळाचे डाग, एका बाजूचं लाकूड चाटून चाटून फिकट झालेलं, आणि एक साखळी तुटली म्हणून तिथे गुरांची दोरी. मी गोड हसून म्हटलं, "तुमचा राहू दे हो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल." मनात म्हटलं, ते खोकं माझ्या हॉलमध्ये? नातवंडाचे फोटो काढायचेत मला.

पंधरा दिवसांनी हरेशचा फोन आला. "बाई, लवकर या. तुमच्यासाठीच बाजूला ठेवलाय."

गोडाऊनच्या मागच्या भागात, जिथे तो गिऱ्हाइकांना नेत नाही, तिथे गोणपाटात बांधलेलं काहीतरी होतं. सुतळी इतकी जुनी की हात लावताच तुटली. आत पाळणा. गडद सागवान, चारी बाजूंना कातलेले गज, कोपऱ्यांवर कोरलेले राघू, चार पितळी साखळ्या आणि त्यांच्या मध्ये एकेक लहान पितळी मोर. मी खाली बसले आणि गजांवरून बोट फिरवलं. ओरखडा नाही. डाग नाही. दाताची एक खूण नाही. साखळीच्या कड्या एकमेकींवर घासून झिजतात, त्याही झिजलेल्या नव्हत्या.

"साठ वर्षांचा असेल," हरेश म्हणाला. "पण बघा की, काल बनवल्यासारखा हाय."

"कुठून आणलास?"

"इथनंच, कळंबच्या पलीकडून. भिवाजी म्हणून होते कोणी, ते वारले. पुतण्यानं घर पाडलं. बाई, खरं सांगू, त्यानं फार घासाघीस पण नाय केली. म्हणला, लवकर घेऊन जा."

हे वाक्य मी ऐकलं आणि कानाआड केलं. उलट मला आनंदच झाला. जुनी वस्तू जमवणाऱ्या माणसाला विचारा, त्याला सगळ्यात जास्त काय हवं असतं. न वापरलेलं. जसंच्या तसं. मी तो पाळणा त्याच टेंपोतून घरी आणला.

पॉलिश करायला मनोजला बोलावलं. तो माझाच विद्यार्थी, चित्रकलेत कच्चा पण सुतारकामात हात सोन्याचा. त्यानं पाळणा उलटा करून तळाला टिचकी मारली, मग अंगठ्यानं फळी दाबली.

"बाई, तळाची फळी खेळतेय. खाचेत पुरती बसत नाय. कोणीतरी बोटभर आखूड कापलीय. खालून दोन पट्ट्या ठोकतो, चार खिळे लागतील."

"खिळा?" मी म्हटलं. "मनोज, हे साठ वर्षांचं काम आहे. सगळं खाचेत बसवलंय, एक लोखंडी खिळा नाही यात. आणि तू चार ठोकणार?"

"खालून हाय ना, दिसणार नाय."

"मला माहीत असेल ना."

त्यानं हातोडी पिशवीत टाकली. वर्गातही मी अशीच गप्प करायची त्याला. त्यानं दोन हात पॉलिश मारलं, हॉलच्या छताच्या कडीला पाळणा टांगून दिला आणि जाताना दारातून एकदा वळून पाहिलं. तेव्हा मला वाटलं, स्वतःचं काम बघतोय.

बाळ आलं, मुलगी, दोन किलो नऊशे. हर्षला दवाखान्यातून माझ्याकडे आली आणि हॉलमध्ये पाऊल टाकताच पाळण्यासमोर उभी राहिली. आठ वर्षांत तिचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. तिनं लगेच फोटो काढून सगळ्यांना पाठवला. खाली लिहिलं, 'आजीची निवड.' दिवसभर तिचा फोन वाजत होता आणि मी स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू वळता वळता प्रत्येक वेळी विचारत होते, आता कोण काय म्हणतंय?

बाळाला बारशाच्या दिवशीच पाळण्यात घालायचं, म्हणून ते आईच्या कुशीत झोपत होतं. पाळणा रिकामाच टांगलेला. फेब्रुवारी असला तरी दुपारी उकडायचं, मी पंखा लावायची आणि पाळणा हलायला लागायचा. आवाज नाही, काही नाही. तेल न घातलेल्या साखळ्या करकरतात, या करकरत नव्हत्या. रिकामा पाळणा हलू द्यायचा नाही, एवढं मलाही लहानपणापासून ऐकून ठाऊक होतं. मी असल्या गोष्टी मानत नाही. तरीही दर वेळी उठून, हात लावून तो थांबवत होते.

दहाव्या दिवशी हर्षलानं विचारलं, "आई, कार्ड लिहिलंस? बारसं रविवारी आहे."

मी रिक्षा केली आणि कळंबच्या पलीकडच्या त्या गावात गेले.

भिवाजींच्या घराच्या जागी सिमेंटचे खांब उभे होते, वर सळया निघालेल्या. पुतण्या नव्हता. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं मला बसायला पोतं सारलं. नाव सोनुबाई. भिवाजींच्या बायकोची मैत्रीण, दोघी एकाच वर्षी या आळीत लग्न होऊन आलेल्या. मी वही काढली आणि म्हटलं, "त्यांच्या घरातला पाळणा होता ना, त्याच्याबद्दल सांगा की काही."

तिचे हात थांबले. "पाळणा? त्यो इकला त्यानं?"

"हो. फार सुंदर आहे."

"सुंदरच हाय. भिवाजीनं हौसेनं करून घेतला व्हता. महिनाभर सुतार घरी बसवला व्हता, जेवण-खाण करून."

"किती मुलं वाढली त्यात?"

 ती पुन्हा शेंगा सोलायला लागली. "दोन निजली."

"आणि?"

"आनि काय गं बाय. उठली नाय."

मी पेन हातात धरून बसले होते. ती खालच्या आवाजात, जणू घरात कुणी ऐकेल अशी बोलत होती. पहिला मुलगा दीड महिन्याचा. सकाळी बघितलं तर दुपट्यात तोंड रुतलेलं आणि अंग गार. म्हणाले दृष्ट लागली. दोन वर्षांनी मुलगी झाली. ती तीन महिन्यांची, भरदुपारी, आई मागच्या दारी भांडी घासत असताना. तिचंही तोंड तसंच रुतलेलं. त्यानंतर त्या घरात मूल झालं नाही.

"मग पाळणा कुणाला दिला नाही त्यांनी?"

"कोनाला देनार?" सोनुबाईला माझ्या अडाणीपणाचा राग आला असावा. "तुमी शिकलेल्या बायकांना येवढं ठाऊक नाय? पाळणा इकत घेतात व्हय? त्यो मागून आणायचा असतो. जिथली लेकरं जगली, तिथला. आमचा बघ, माझ्या दारात कदी ऱ्हायलाच नाय. या घरचं पोर उतरलं की त्या घरचं चडलं. आता बी खालच्या आळीत हाय. भिवाजीचा येकानं बी मागला नाय. पन्नास-पंचावन वर्सं आमी समदी त्याच्या दारावरनं जायचो आन कोनी नाव काडायचं नाय. त्याच्या बायकोनंच गोणपाटात बांदला आन माळ्यावर टाकला."

म्हणून ओरखडा नव्हता. म्हणून दाताची खूण नव्हती. साखळ्या झिजल्या नव्हत्या, कारण त्या पाळण्यात कुणी बसायला, गजाला धरून उभं राहायला, लाकूड चावायला शिकलंच नव्हतं. ज्यासाठी मी हरखून गेले होते, त्याच्यासाठी गावानं तो पाळणा पन्नास वर्षं टाळला होता.

सोनुबाईनं विचारलं, "कोन्या लेकरासाठी तर घेतला नाय ना?"

"नाही," मी म्हटलं. "हॉटेलात ठेवणार आहेत. शोभेला."

"मंग ठीक. फुलं ठेवा म्हनावं त्यात."

परत येताना रिक्षात मी स्वतःला खूप समजावलं. एकतीस वर्षं शिकवलंय मी. मांजर आडवं गेलं म्हणून शाळेला उशीर करणाऱ्या मुलांना मी बाकावर उभं केलंय. दोन तान्ही बाळं गेली, वाईट झालं, पण त्या काळी कितीतरी जायची. लाकडाचा काय दोष? आणि दहा दिवसांच्या बाळंतिणीला हे सांगायचं कसं? आठ वर्षांनी आई झालेल्या मुलीच्या मनात असलं काही घालणं हा शुद्ध मूर्खपणा. असं सगळं मी मनात मांडलं, आणि ते सगळं बरोबरही होतं. पण खरं कारण ते नव्हतं. खरं सांगते. त्या पाळण्याचा फोटो शेकडो लोकांनी पाहिला होता. तो मला उतरवायचा नव्हता. इंदूबाईंचं खोकं माझ्या हॉलमध्ये टांगलेलं मला बघायचं नव्हतं.

घरी आले तेव्हा हर्षला झोपली होती, बाळ तिच्या कुशीत. पाळणा हलत होता. पंखा बंद होता. खिडकीतून वारा येत असेल. मी तो थांबवला, आत हात घातला आणि तळाची फळी दाबली. डोक्याच्या बाजूला ती किंचित खाली गेली आणि हात काढताच पुन्हा वर आली, जसं काही झालंच नाही. मनोजला फोन लावायला मी नंबर काढला. चार खिळ्यांचं काम, अर्ध्या तासात येऊन गेला असता. मग वाटलं, तो विचारेल, बाई, आता का? काय सांगू त्याला? मी फोन ठेवून दिला आणि कार्ड लिहायला बसले.

'सागवानी पाळणा. कर्जत तालुका. अंदाजे साठ वर्षं. स्थिती उत्तम.'

एवढंच लिहिलं. बाकीची जागा कोरी. त्यावर मी एक मोर काढला.

रविवारी दुपारी चारपर्यंत घर भरलं. इंदूबाई दोन सुना, जावा आणि मुलगी छाया हिला घेऊन आल्या. छाया बाळाची आत्या, नाव ठेवण्याचा मान तिचा. पाळण्याला मी मोगऱ्याचे गजरे बांधले होते, आत माझ्या आईच्या जुन्या रेशमी साडीचं मऊ दुपटं अंथरलं होतं. प्रत्येक बाई आत येऊन आधी पाळण्याशी जायची, गजांना हात लावायची, "अगं बाई, काय कोरीव काम!" म्हणायची. एरवी हे शब्द ऐकायला मी काहीही केलं असतं. त्या दिवशी प्रत्येक वेळी मी तिला खुर्चीकडे वळवत होते.

इंदूबाईंनी मात्र कौतुक केलं नाही. त्या पाळण्याभोवती एक फेरी मारून आल्या, साखळीची एक कडी बोटात धरून पाहिली आणि विचारलं, "कोनाच्या घरचा?"

"कळंबकडचा," मी म्हटलं.

"कोनाची वाढली यात?"

"आता एवढं कुठे कळतं," मी म्हणाले, आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले.

बाहेर आले तर इंदूबाई त्यांच्या कापडी पिशवीतून वरवंटा काढत होत्या. बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवतात, त्याला गोप्या म्हणतात, झबलं-टोपडं घालून बायका त्याला पाळण्याखालून-वरून एकमेकींच्या हातात देतात आणि झोका देतात. बाळाच्या वाटचं जे काही असेल ते आधी त्यानं घ्यावं म्हणून. मला हे माहीत होतं. म्हणूनच मी त्याच्या जागी लाखेच्या रंगातला एक जुना लाकडी बाहुला काढून ठेवला होता, हलका, सुरेख, गालावर लाल ठिपके असलेला.

"अहो, दगड नको," मी म्हटलं. "पॉलिश जाईल. हा बाहुला ठेवू या ना, किती गोड आहे."

"बाहुला?" इंदूबाईंनी तो हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि खुर्चीवर ठेवला. "विहीणबाई, आमच्या घरात चार पिढ्या आधी ह्योच निजतो. पॉलिश परत मारता येतं."

"पण तीन किलोचा दगड आहे तो! लाकडावर ओरखडे उठतील."

"आपली पोर बी तीन किलोचीच हाय ना?"

बायका हसल्या. हर्षला, बाळाला छातीशी धरून कोपऱ्यात बसलेली, म्हणाली, "आई, असू दे गं. त्यांची पद्धत आहे." मी बाहुला खुर्चीवरून उचलून कपाटात ठेवला. पण खरं सांगते, त्या वेळी मला पॉलिशचं सुचत नव्हतं. मी जो विरोध करत होते तो सवयीनं. आतून मला वाटत होतं, कुणीतरी हे थांबवा, कुणीतरी काहीतरी कारण काढा आणि हा पाळणा खाली उतरवा. मी सोडून कुणीही.

इंदूबाईंनी वरवंट्याला हळद-कुंकू लावलं, टोपडं चढवलं, झबल्यात गुंडाळलं. बायका दोन्ही बाजूंना बसल्या. वरवंटा खालून गेला, वरून आला, हसणं-खिदळणं चालू होतं. मग इंदूबाईंनी तो पाळण्यात निजवला, टोपड्याचं डोकं जिथे बाळाचं यायचं तिथे. छायानं दोरी धरली.

पहिला झोका. काही नाही.

दुसऱ्या झोक्याला मी पाहिलं, डोक्याच्या बाजूचं दुपटं खाली दबलं. हळूच खळगा पडला आणि टोपडं त्या खळग्याकडे घसरलं. पाळणा परत आला तसं दुपटं सपाट झालं. कुणाच्या लक्षात आलं नाही.  दुपट्यात तोंड रुतलेलं, म्हणाली होती सोनुबाई. दोन्ही वेळा.

"छाया, थांब," मी म्हटलं. पण त्या हसण्या-खिदळण्यात ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

तिसऱ्या झोक्याला फळी सुटली. एक कोरडा आवाज झाला, लाकूड लाकडावरून निसटल्याचा, आणि वरवंटा टोपड्या-झबल्यासकट डोक्याच्या बाजूनं खाली आला. माझ्या हॉलच्या फरशीचे दोन तुकडे झाले. टोपडं बाजूला उडालं. पाळणा एकदा पुढे गेला, एकदा मागे आला, आणि दुपटं त्याच्या पोटातून लोंबत राहिलं.

कुणी किंचाळलं नाही. छायाच्या हातात दोरी तशीच होती. हर्षलानं बाळाला इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं, आणि घरात तेवढाच एक आवाज राहिला.

इंदूबाई उठल्या. त्यांनी वरवंटा उचलला, पदरानं पुसला, कपाळाला लावला आणि पिशवीत ठेवला. मग सुनेला म्हणाल्या, "लुगडं काड. झोळी बांदू." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, मी भांडले तरी असते.

बायका दिवाण सरकवायला, कडीतून साखळ्या सोडवायला लागल्या. हर्षला उठून पाळण्याजवळ आली. तिनं बाळाला एका हातावर घेतलं आणि दुसऱ्या हातानं साखळीला बांधलेलं माझं कार्ड उलटं केलं, मग सुलटं केलं. वाचून व्हायला किती वेळ लागणार? चार ओळी आणि एक मोर.

"आई," ती म्हणाली, "यावर गोष्ट नाही."

मी लोंबणारं दुपटं गोळा करायला लागले.

"शुक्रवारी तू रिक्षानं गेली होतीस. मला म्हणालीस, कार्डासाठी जाते."

"हर्षू, अगं..."

"घर सापडलं होतं?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. पुतण्या भेटला नाही, घर पाडलेलं होतं, हे तर खरंच होतं. तेवढंच सांगून मी सुटले असते. पण तिच्या हातात ते कार्ड होतं, आणि लहानपणी तिनंच माझ्या शेजारी ओट्यांवर बसून तसल्या शंभर कार्डांच्या गोष्टी टिपल्या होत्या. मी गोष्ट न घेता कधी परत येत नाही, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

"सापडलं होतं," मी म्हटलं.

 काय गोष्ट होती, ते तिनं विचारलं नाही. मी बाळाला घ्यायला हात पुढे केले, सवयीनंच. तिनं बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर, माझ्यापासून लांबच्या बाजूला घेतलं आणि इंदूबाई झोळी बांधत होत्या तिकडे निघून गेली.